लोंढे मॅडम उलटं चालायच्या

लोंढे मॅडमना चित्र काढता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्या कामाबद्दल ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खांद्याला झोळी आणि बोटांना रंग लागलेली कुणीतरी कलावंत बाई उभी राहते. तसलं काही नव्हतं. त्यांनी फळ्यावर गाय काढली की पोरं विचारायची, मॅडम, बाक कशाला काढलाय. त्या गुणगुणायला लागल्या की शिपाई संपतकाका शेजारच्या खोलीची खिडकी लावून घ्यायचे. आणि ह्या बाई आमच्या जव्हारच्या कॉलेजात अभ्यासानं पिचलेल्या पोरांना माती, कागद, रंग, नाच यांतून मोकळं करायला बघत होत्या. मला विचाराल तर निम्मं काम त्या गायीनंच केलं. इतकी वाईट गाय काढून जी बाई लाजत नाही, तिच्यासमोर आपणही चार रेघा ओढायला हरकत नाही, असं कुठल्याही पोराला वाटेल.

मॅडम बार्शीकडच्या. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. जव्हारचा पाऊस बघून पहिल्या वर्षी त्या इतक्या हबकल्या की कायम दोन छत्र्या घेऊन फिरायला लागल्या. एक स्वतःला, एक दुसऱ्याला द्यायला. दिलेली छत्री कधी परत यायची नाही. मॅडम बाजारातून नवी आणायच्या, तीही जायची. पाऊस संपला तरी सवय राहिली, उन्हातसुद्धा काखेत दोन छत्र्या. मी म्हटलं, मागून घ्या की. तर म्हणाल्या, "ओल्या माणसाकडनं काय मागायचं, बाई?"

शिकवायच्या मानसशास्त्र, तेही तासिका तत्त्वावर. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: काम पुऱ्या प्राध्यापकाचं, दर्जा रोजंदारीचा, आणि सुट्टी लागली की चूलही सुट्टीवर. यावर मी एक पत्रक काढलं होतं. मी त्याच कॉलेजातून बाहेर पडलेली, वडलांचं गावात किराणा दुकान, आणि मी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं काम करत होते, अजूनही करते. पत्रक लिहिणं हे मला सगळ्यात चांगलं येतं. मॅडमनी ते उभ्या उभ्या सगळं वाचलं, "बरोबर लिहिलंयस" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पत्रकात शेंगदाण्याची चटणी बांधून मला आणून दिली. तेव्हापासून त्या मला पत्रकवाली म्हणायच्या.

आता मुद्द्याचं. आमच्याकडची पोरं दमतात म्हटलं की बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. डोंगरातली पोरं, काटक असतील, असं त्यांना वाटतं. काटक पाय असतात हो. घरात एक बोली, शाळेत मराठी ही दुसरी भाषा, आणि दहावीनंतर रसायनशास्त्र इंग्रजीतून. प्रयोगशाळेत रसायनं येणार वर्ष संपताना, मग वर्षभराचे प्रयोग शेवटच्या महिन्यात कोंबायचे. वसतिगृहात दिवे जाणार. त्यातून शिकून वर आलेल्या पोरीकडे आख्खा पाडा डोळे लावून बसलेला. नापास झालेलं पोर निदान दिसतं. पास होत होत आतून विझलेलं पोर दिसत नाही, त्याचा निकाल चांगला असतो ना. असली पोरं प्रत्येक वर्गात होती. पुस्तक उघडायची आणि तासभर त्याच पानाकडे बघत बसायची. दिवसा झोपायची. जेवणाच्या ताटावरून न जेवता उठायची. आणि त्यांना आपण काय सांगतो? मन लावून अभ्यास कर.

मॅडमनी ह्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं आणि पुण्यात छापलेलं एक जाडं पुस्तक होतं. पण उपचार हा शब्द त्या वापरू द्यायच्या नाहीत. पोरं आजारी नाहीत, दमलीत, असं म्हणायच्या. एवढ्यावर आमचं दोघींचं जमायचं. बाकी सगळ्यावर भांडण.

त्यांची एक सवय मात्र भल्याभल्यांना गोंधळात टाकायची. कुणी काहीही दुखणं सांगितलं की त्या विचारायच्या, "किती किलोचं आहे?" आधी पोरं हसायची. मग विचारात पडायची. एकजण म्हणाला, पाण्याच्या हंड्याएवढं. दुसरी म्हणाली, मॅडम, वजन नाय, चिकट आहे, फणसाच्या चिकासारखं. मग मॅडम म्हणायच्या, बरं, मग तेल लागंल त्याला. काढ बघू कसं दिसतंय. कामाला सुरुवात झालेली असायची. एकदा प्राचार्य स्टाफरूममध्ये म्हणाले की वरून फार दबाव आहे. मॅडम चहा ओतत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "किती किलोचा आहे, सर?" प्राचार्य मानेला हात लावून खरंच म्हणाले, "मानेवर आहे, मॅडम. इथं." प्राचार्यांबद्दल मी बरंच वाईट लिहिलेलं आहे आणि त्यातलं काही मागे घेणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी मान दाखवली हे खरं.

प्रयोगशाळेच्या मागे मोडक्या खुर्च्यांची एक खोली होती. दर गुरुवारी दुपारी मॅडम तिथं गोणपाटावर बसायच्या. कुणाला बोलवायच्या नाहीत, दार उघडं ठेवायच्या. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले ती भांडायला. वसतिगृहातल्या पाण्याबद्दल सह्या गोळा करत होते आणि ऐकलं की तिसऱ्या वर्षाची सायन्सची पोरं तिकडे कागद फाडत बसलीत. गेले तर खरंच. घमेल्यात पाणी, भोवती पोरं मांड्या घालून बसलेली आणि जुनी वर्तमानपत्रं फाडून भिजत घालतायत. मी दारातूनच सुरू झाले. म्हटलं, इथं शिक्षकांच्या जागा रिकाम्या, पाणी नाही, परीक्षेच्या तारखांचा पत्ता नाही, आणि तुम्ही ह्यांना कागद फाडायला बसवलंय? हे म्हणजे भुकेल्याला खुळखुळा देणं झालं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "का ओरडायलीस? तुझं खरंच आहे की. ये, बस. आणि ती पत्रकं उरलीत का गं थोडी? वर्तमानपत्राच्या पुरवणीला चकाकी असते, भिजायला वेळ लावतीय. तुझा कागद चांगला आहे."

पोरं तोंड दाबून हसली. मी चिडून पत्रकांचा उरलेला गठ्ठा त्यांच्या पुढ्यात आपटला, म्हटलं घ्या, तेवढीच किंमत आहे ह्यांची. तर त्यांनी पहिलं पत्रक उचललं, नीट वाचलं, दोन मागण्यांवर पोरांची मतं विचारली, तिसरी मागणी कमकुवत आहे असं म्हणाल्या, आणि मग ते फाडून पाण्यात टाकलं. असा अपमान माझा कुणी केला नव्हता. तिसरी मागणी कमकुवत होतीच.

त्या खोलीत यमुना होती. दाभोश्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, तिच्या पाड्यातून कॉलेजला आलेली पहिली. बारावीपर्यंत पुढे होती. आता रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वर्गात यायची ती फक्त हजेरीपुरती. मैत्रिणी सांगायच्या की पुस्तक उघडलं की हिचे हात गार पडतात. परीक्षा तोंडावर आलेली. बसेल की नाही, याची तिच्या खोलीतल्या पोरींना खात्री नव्हती आणि तिला स्वतःला तर मुळीच नव्हती. मॅडमनी तिला वजन विचारलं होतं. ती म्हणाली, कणगीएवढं. भाताची भरलेली कणगी म्हणजे माणूस हलवू शकत नाही, वाटी वाटीनं रिकामी करावी लागते. मॅडमना कणगी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिनं दोन्ही हात पसरून दाखवली.

मॅडमचं ते जाडं पुस्तक सांगत होतं की प्रत्येकानं आपल्या थकव्याचा मुखवटा करावा, रंगवावा, भिंतीवर टांगावा आणि त्याच्याशी बोलावं. पोरांनी मुखवटे मन लावून केले. हे त्यांच्या हातातलंच काम होतं. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, देवादिकांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून नाचवतात, एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. यमुनाच्या घरीही एक सोंग होतं. तिनं केलेला मुखवटा साधा होता, पांढरा, तोंड जेमतेम रेघेएवढं, पण कान सुपाएवढे. मॅडमनी विचारलं, कान एवढे का गं. ती म्हणाली, "सगळे सांगतात ना."

मुखवटे वाळले, रंगले, भिंतीवर टांगले गेले. आणि पुढच्या गुरुवारी खोलीत एकही पोर आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मॅडम दार उघडं टाकून गोणपाटावर एकट्या बसलेल्या. पोरं प्रयोगशाळेकडे जाताना सुद्धा त्या बाजूचा व्हरांडा सोडून मैदानातून जायला लागली. मला वाटलं, झालं, संपला खेळ. मी जाऊन तसं सांगितलंही. म्हटलं, बघा, पोरांनी तुमचे खुळखुळे नाकारलेत, आता तरी मोर्चाला चला. मॅडम खऱ्याच हिरमुसल्या होत्या. चटणीचा डबा पुढे करायलासुद्धा विसरल्या.

उलगडा यमुनानंच केला. मॅडमनी तिला मैदानात गाठलं, मी बरोबर होते, आणि सरळ विचारलं, माझं काय चुकलं. ती मग चप्पलेनं माती उकरत म्हणाली, "मॅडम, सोंग करून टांगून ठेवत नाय कुणी. उठवलं की नाचवायला लागतं. नाय नाचवलं तर ते जाणार कुठं? तिथंच बसून राहणार ना. त्या खोलीत सगळी बसलीत."

मी पुढं होऊन अंधश्रद्धेवर दोन वाक्यं बोलणार होते, माझ्या तोंडाशी तयार असतात. पण मॅडमचा चेहरा उजळला होता. हरवलेली किल्ली सापडावी तसा.

"अगं मग नाचवू की," त्या म्हणाल्या. "हे आमच्या पुस्तकात नाही. पुण्यात कुणाला माहीत असणार?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कॉलेजच्या मैदानात सोंगं निघाली. परवानगी कुणाची काढली नव्हती. संपतकाकांनी पत्र्याचा डबा घेतला आणि त्यावर असा काही ताल धरला की मी त्यांना इतकी वर्षं फक्त घंटा वाजवताना पाहिलं याचं वाईट वाटलं. मुखवट्यांना डोळे रंगवलेले होते, बघायला नाकाखाली बोटभर भोक. त्यातून स्वतःचे पाय दिसत नाहीत. यमुना म्हणाली, पुढं कुणीतरी पाहिजे. तिच्या घरी बाप सोंगाचा सराव करायचा तेव्हा लहानपणी तीच त्याच्यापुढे अंगणभर उलटी चालत जायची आणि सांगायची, डावीकडं, दगड, आता उतार. सोंग बाप्यांनीच घ्यायचं, पण सरावाला वाट दाखवायला पोरगी चालत होती.

तर तसं पुढं चालायला मॅडम निघाल्या. गुडघा दुखरा, साडी खोचलेली, काखेत छत्र्या. ज्याचं सोंग त्याच्यापुढे त्या उलट्या चालायच्या, दोन्ही हात पसरून, आणि ओरडून सांगायच्या, "ये, ये, इकडं ये, दगड आहे बघ, हां, आता नाच." एकेक पोर आपला थकवा नाचवून फेरी पुरी करायचं, मुखवटा काढून ठेवायचं आणि घाम पुसत हसायचं. वरच्या गॅलरीतून प्राचार्य बघत होते. मानेला हात लावून उभे होते.

शेवटी यमुना. सुपाएवढे कान हलवत ती निघाली, अगदी हळू. अर्ध्या फेरीत ती थांबली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. आत्ता हिला सांभाळायला हवं म्हणून मी पुढे झाले. मुखवटा वर करून बघते तर ती हसत होती. मॅडम उलट्या चालता चालता पाण्याच्या टाकीच्या गटारात गेल्या होत्या. कमरेपर्यंत आत, दोन्ही छत्र्या मात्र वर धरलेल्या, आणि तिथूनही ओरडतायत, "थांबू नकोस, नाच! मी येतेच!"

यमुना हसली हे मैत्रिणींनी कितीतरी महिन्यांनी पाहिलं होतं. पण हसली म्हणून सगळं सुटलं असं लिहिणारी मी नाही. पुढच्या आठवड्यात तिनं घरी निरोप धाडला की मी परीक्षेला बसत नाही, कॉलेज सोडते.

इथं आमचं मोठं भांडण झालं. आमचा मोर्चा ठरला होता तहसील कचेरीवर. मला यमुना हवी होती. व्यासपीठावर, माईकसमोर. हुशार पोरगी, अभ्यासाच्या ओझ्यानं मोडलेली, यापेक्षा मोठा पुरावा काय असणार? मी मॅडमना म्हटलं, तिला तयार करा, तुमचं ऐकते ती.

त्या म्हणाल्या, "तुझ्या मागण्या सगळ्या बरोबर आहेत. आण, मी सही करते. पोरगी मिळणार नाही."

मी म्हटलं, एका पोरीला नाचवून व्यवस्था बदलत नाही, मॅडम.

"नाही बदलत," त्या म्हणाल्या. "पण तिच्या कानाशी बोलायला आधीच लई जण आहेत. त्यात तू एक माईक लावायलीस."

मला आजही वाटतं की माझं म्हणणं खोटं नव्हतं. असे हजार थकवे झाकून ठेवले म्हणूनच कुणाला लाज वाटत नाही. पण मॅडमनी पत्रकावर सही केली, ठळक, पूर्ण नावानिशी. तासिकेवरच्या माणसाने अशी सही करणं म्हणजे काय, हे तिथल्या कायम नोकरीवाल्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकानेही केली नव्हती. मी तो विषय सोडला. मोर्चा यमुनाशिवाय निघाला, बरा झाला.

यमुनाचा बाप तिला न्यायला आला. जीपनं आला होता, डोक्याला रुमाल, हातात रिकामी पिशवी, पोरीचं सामान न्यायला. मॅडमनी त्याला त्या खोलीत नेऊन गोणपाटावर बसवलं. त्याला समजुतीचं काही सांगतील म्हणून मी दारात उभी होते. मॅडमनी काही सांगितलं नाही. फक्त यमुनाचा मुखवटा त्याच्या हातात दिला.

त्यानं तो उलटासुलटा केला. बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितला. आतल्या बाजूला माझ्या पत्रकाचा तुकडा दिसत होता, त्यावरून अंगठा फिरवला. मग पोरीकडे बघून म्हणाला, "पातळ झालाय. आणखी थर पाहिजे होते. हे कान पडतील. इथं आतून कामटी लाव बांबूची."

ती म्हणाली, कामटी इथं कुठं मिळणार.

तो उठला, कॉलेजच्या कुंपणातली बांबूची काठी त्यानं सरळ उपटली, कोयता काढावा तसा खिशातला छोटा चाकू काढला आणि तासायला बसला. प्राचार्यांनी ते कुंपण नुकतंच करून घेतलं होतं. संपतकाकांनी तोंड फिरवलं. बाप तासायचा, यमुना खळ लावून बसवायची. बोलणं कानांबद्दलच चाललं होतं. हा कान जड आहे, तो तिरका बसलाय. असा बराच वेळ गेल्यावर मॅडमनी विचारलं, "भाऊ, तुमच्यात सोंग नाचता नाचता दमलं तर काय करता हो?"

त्याला प्रश्न फार सोपा वाटला. म्हणाला, "बसवतो की. मधीच बाकड्यावर बसवायचं, वारा घालायचा, पाणी पाजायचं. वाजंत्री हळू करायची. मग उठवायचं."

"आणि लोक?"

"लोक थांबतात. दमलेल्या सोंगाला कोण घरी धाडतो काय, बाई?"

तो बोलला आणि हातातली कामटी तशीच राहिली. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती कान धरून बसली होती, मुखवट्याचा. मग त्यानं पिशवीची घडी केली आणि मांडीखाली घातली.

त्या वेळच्या परीक्षेला यमुना बसली नाही. घरी गेली, पण सामान वसतिगृहात ठेवून. बापानं पाड्यावर सांगितलं की पोरगी बसवलीय. त्याच्या पुढे तिथं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. बसवणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या कॉलेजांत, विद्यापीठांत, घराघरांत ह्याला काय म्हणतात? वर्ष वाया गेलं. एवढाच शब्द आहे आपल्याकडे. मी पुढच्या पत्रकात हे लिहिलं आणि मला वाटतं आजवरच्या पत्रकांतलं ते सगळ्यात बरं आहे. मॅडमनी त्यात चटणी बांधली नाही.

गुरुवार मात्र भरत राहिला. मुखवट्यांचा नेम झाला: करायचा, नाचवायचा, काढून ठेवायचा. गटारावर संपतकाकांनी फळी टाकून घेतली. मॅडमचं उलटं चालणं एवढं सरावाचं झालं की त्या जिन्यावरून सुद्धा पोरांशी बोलत उलट्या उतरायच्या. आम्हाला धडकी भरायची. पोरं त्यांना पाठीमागून हडळ मॅडम म्हणायला लागली, पाय उलटे म्हणून. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फळ्यावर हडळ काढून दाखवली. ती गायीसारखीच दिसत होती.

पावसाळा सरला आणि मॅडमना सांगण्यात आलं की यापुढे त्यांच्या तासांची गरज नाही. कारण कुणी दिलं नाही. मी विचारायला गेले, मला एकाकडून दुसऱ्याकडे असं चौघांकडे धाडण्यात आलं. मी धरणं धरणार होते. मॅडम म्हणाल्या, धर, पण माझ्यासाठी नको, तासिकेवरच्या सगळ्यांसाठी धर. आणि आधी मला सामान बांधू लाग. मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही? तर म्हणाल्या, येतो की. आणि हाताने दाखवलं केवढा ते. चांगलाच मोठा होता. पण तो बाजूला ठेवून त्या डबे पुसायला लागल्या.

त्या निघाल्या तो दिवस परीक्षेचा होता. यमुना परत आली होती आणि राहिलेले पेपर देणार होती. त्या दिवशी तिचा पहिला. सकाळी ती वर्गात गेली एवढं आम्हाला कळलं होतं. मॅडमनी तिकडे जायचं टाळलं. पोर बसलंय तर बसू दे, म्हणाल्या. पण सामान बांधताना त्यांनी एकच पातेलं तीनदा गोणीत घातलं आणि काढलं.

दुपारी आम्ही जीपच्या थांब्याकडे निघालो. ऊन मरणाचं होतं. माझ्या डोक्यावर गोणी, संपतकाकांच्या हातात ट्रंक. मॅडमनी मुखवट्यांचं खोकं काही कुणाला दिलं नाही. पोरांनी भेट दिलेले ते, खोक्यात मावत नव्हते, वर रचून बांधलेले, सगळ्यात वर यमुनाचा. त्यांच्या नाकापर्यंत ढीग आला होता. पुढचं काही दिसत नव्हतं. रस्ता खोदून ठेवलेला, ते खड्डे बुजवा म्हणूनही माझं एक पत्रक आहे.

मागून कुणीतरी पळत आलं. यमुना होती. हातात परीक्षेची पट्टी-पेन, डोक्यावर काळी छत्री. ती छत्री मी ओळखली. मॅडमनीही ओळखली असणार, पण त्यांनी ती मागितली नाही. पेपर कसा गेला हेही त्यांनी विचारलं नाही. ढिगाच्या मागूनच म्हणाल्या, "किती किलोचा होता?"

यमुनानं जरा विचार केला. "उचलला, मॅडम," ती म्हणाली. "दोनदा खाली ठेवला. पण उचलला."

नुसते वरचे ते सुपाएवढे कान हलले.

मग यमुनानं छत्री मिटून काखेत मारली, वळसा घालून मॅडमच्या पुढे गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून, हात पसरून उलटी चालायला लागली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती घाई करत नव्हती.

"डावीकडं, मॅडम," ती म्हणत होती. "दगड आहे. आता खड्डा. हां. या."

आणि लोंढे मॅडम, ज्या इतके महिने आमच्यापुढे उलट्या चालल्या, त्या पहिल्यांदाच जव्हारच्या रस्त्यावरून सरळ चालत गेल्या.